डबा कुठे ठेवायचा

सॉलोमनने वूफरचा डबा उचलून पलंगावर स्वतःच्या उशीच्या जागी ठेवला, पंखा बंद केला, टेप चालू केला आणि लुंगी खोचून तो जमिनीवर रांगू लागला. थोडं रांगायचं, थांबायचं, कान भिंतीशी न्यायचा, डोळे मिटायचे, नकारार्थी मान हलवायची आणि पुढे सरकायचं.

दारात खुर्ची टाकून बसलेले त्याचे वडील, एलियाहबाबा, हा प्रकार बराच वेळ पाहत होते.

"दीना गो," त्यांनी स्वयंपाकघराकडे तोंड करून सुनेला हाक मारली, "ह्याचं काय हरवलंय?"

"काय नाय हरवलं, बाबा. वूफर लावतायत."

"वूफर पलंगावर आन् हा खाली?"

सॉलोमनने रांगता रांगताच खुलासा केला. डबा ऐकणाऱ्याच्या जागी ठेवायचा आणि आपण खोलीभर फिरायचं. जिथे आवाज भरदार पण स्वच्छ लागेल, ती डब्याची जागा. पेणच्या महिपतीने तसं सांगितलं होतं, आणि तो कामाला होता त्या धाटावच्या कंपनीतल्या साहेबांपेक्षा सॉलोमनला महिपतीचं जास्त पटायचं.

महिपतीचं रेडिओ दुरुस्तीचं दुकान गणपतीच्या एका कारखान्याला लागून होतं. सॉलोमन तिथे गेला तो बारा इंची वूफर घ्यायचा हे मनाशी पक्कं करूनच. महिपतीने आधी खोली केवढी ते विचारलं. दहा बाय अकरा.

"मग आठ इंची ने," महिपती म्हणाला. "बाराची नेलीस तर खोली वाजंल, गाणं नाय."

डबा महिपतीने स्वतः प्लायवूडचा बांधला, सांधे बुजवले आणि मूर्तीच्या प्लास्टरमध्ये घालतात तो काथ्या शेजारून मागून आणून आत पिंजून बसवला. त्याने आवाज पोकळ घुमत नाही म्हणे. परतीच्या एसटीत कंडक्टरने आत काय आहे विचारलं, तेव्हा गडबडलेल्या सॉलोमनला 'काथ्या' एवढंच सुचलं. कंडक्टर रोह्यापर्यंत त्या डब्याकडे संशयाने बघत होता.

रांगत रांगत सॉलोमन खिडकीजवळच्या कोपऱ्यात आला आणि थबकला. आवाज इथे छातीत लागत होता. पण कोपऱ्यात बाबांची ट्रंक होती.

येत्या गुरुवारी बाबा तामारकडे, म्हणजे इस्रायलला दिलेल्या मुलीकडे, कायमचे राहायला जाणार होते. ट्रंक आठ दिवसांपूर्वीच भरून झाली होती. नातेवाईक, शेजारी, चहावाला, सगळ्यांचा निरोप घेऊन झाला होता. राहिला होता फक्त गडब गावचा मोरू, आणि त्याचं नाव घरात काढायची सोय नव्हती.

मोरू शेतकरी, गळ्याने गोड, बाबा ढोलकीवाले. तीस वर्षं ही जोडी बारशापासून लग्नापर्यंत सगळीकडे हौसेने वाजत-गाजत होती. अकरा वर्षांपूर्वी दीनाच्या आणि सॉलोमनच्या मेंदीला, भर मांडवात, गाण्याच्या ऐन रंगात ताल तुटला आणि पोरीबाळी खो खो हसल्या. मोरू म्हणाला, एलियाहने थाप आधी मारली. बाबा म्हणाले, मोरूने सूर लांबवला. तेव्हापासून दोघं बोलत नव्हते. मोरूकडून दरवर्षी वालांची पिशवी मात्र यायची. ती कोणाकडून आली हे बाबा विचारत नसत आणि बिरडं दोनदा वाढून घेत. आपल्या मेंदीपायी दोन म्हातारे असे तुटले, याचं दीनाला आजवर वाईट वाटत आलं होतं. बाबा असेच न भेटता विमानात बसले, तर ते तिला जन्मभर टोचत राहणार होतं.

"बाबा, ट्रंक जरा सरकवू?"

"सरकव. माझीच तेवढी अडचण व्हती."

सॉलोमनने हसून ट्रंक सरकवली आणि कोपऱ्यात डबा बसवला. मग डब्यामागचं गोल बटण केसभर इकडे, केसभर तिकडे. मग वायरी. महिपतीने बजावलं होतं, दोन्ही वायरींची अदलाबदल करून बघ, ज्या बाजूने पोटात लागेल ती खरी. त्याने अदलाबदल केली, पलंगावर जाऊन बसला आणि समाधानाने मांडीवर हात मारला.

दोन तास एकच गाणं ऐकून दीनाचं डोकं उठलं होतं. ती पदराला हात पुसत आली, कपाटातून एक जुनी कॅसेट काढली आणि टेपमध्ये सारली.

बायकांचा गलका, बांगड्या, कोणाचं तरी रडणारं पोर. मेंदीची कॅसेट होती. बाबा खुर्चीत सरळ झाले. घरातल्या जुन्या छोट्या टेपवर ती त्यांनी शंभर वेळा ऐकली होती. पण तिथे ढोलकीची नुसती टिकटिक ऐकू यायची, डाव्या हाताची थाप कुठेच नसायची. त्यामुळे भांडणाचा निकाल कधी लागला नव्हता.

आता ती थाप कोपऱ्यातून आली. जाड, गोल, फरशीतून पायाला लागणारी.

"माझा हात," बाबा म्हणाले. त्यांचा चेहरा खुलला. खुर्चीच्या दांडीवर त्यांचं बोट आपोआप ठेका धरू लागलं.

मोरूचा गोड आवाज चढत गेला, ओळीच्या शेवटच्या सुरावर टेकला. बाबांचं बोट थाप द्यायला वर उचललेलं होतं. ते खाली यायच्या आतच डब्यातली थाप पडून गेली.

कॅसेटमधला मोरू बिचारा तोंडातला सूर अर्धवट टाकून ढोलकीच्या मागे धावत होता, आणि पोरी हसत होत्या.

सॉलोमनचा हात गुपचूप आवाजाच्या बटणाकडे गेला.

"राहू दे," बाबा म्हणाले. "मागं घे."

त्याने कॅसेट मागे घेतली. पुन्हा तेच. तिसऱ्यांदा बाबांनी स्वतः उठून बटण दाबलं आणि डब्यावर तळवा ठेवून उभे राहिले. थाप पडली तेव्हा त्यांनी हात काढून घेतला.

"घाई झाली," ते म्हणाले. "पोराचं लगीन व्हतं ना. हात थांबंना."

दीना पटकन खिडकीकडे वळली. तिला रडू आणि हसू एकदमच आलं होतं.

"उद्या तुझी कुठली शिफ्ट?" बाबांनी मुलाला विचारलं.

"दुपारची."

"सकाळची पेण गाडी गडबला थांबते काय?"

"थांबते की."

"मग टेप घे, ही कॅसेट घे. आन् तो डबा घे."

सॉलोमनने नुकत्याच बसवलेल्या डब्याकडे पाहिलं. "बाबा, डबा कशाला? मोरूकाकांना नुसतं सांगितलंत तरी चालंल."

"सांगून त्याला पटायचं नाय. म्हणंल, म्हातारा चाललाय म्हणून गोड बोलतोय. ऐकवायलाच लागंल."

त्यांनी ट्रंक उघडली, तामारसाठी घेतलेल्या कपड्यांखालून ढोलकी काढली आणि तिच्या कड्या ठोकून बघू लागले. सॉलोमनने पेन्सिल शोधली, डब्याभोवती फरशीवर नीट चौकोन आखला, दीनाला तो पुसू नको म्हणून सांगितलं आणि वायरी सोडवायला बसला.

"कंडक्टर तोच असंल," तो म्हणाला. "परत विचारंल, आत काय हाय."

"त्याला काथ्याच सांग," बाबा म्हणाले. "खरं काय ते मोरूला सांगायचं हाय."