लवंगीला राग येईना

लाँड्रीवाल्या बाईला गल्लीत सगळे लवंगी म्हणत. तोंडावर नाही, मागे. तोंडावर म्हणायची छाती कोणाची? अंगानं एवढीशी, पण जीभ अशी तिखट, की गिऱ्हाईक एकदा शर्टाच्या खिशात पेन विसरलं की दुसऱ्यांदा पेन वापरायचंच सोडून देई. नवरा गेल्यावर तिनं एकटीनं ती मोठी इस्त्री उचलली, मुलाला वाढवलं, सून आणली आणि इतकी वर्षं नाकावर माशी बसू दिली नाही. पुढे दुकान, मागे घर, मध्ये एक पडदा. पडद्याच्या दोन्ही बाजूंना तिचंच राज्य.

त्या लवंगीला राग येईनासा झाला.

कधीपासून, ते तिला नीट सांगता आलं नसतं. आधी पाळी बिनसली. यायची तेव्हा नळ सोडल्यासारखी यायची, नाही तर महिनोन् महिने तोंड दाखवायची नाही. मग गेली ती गेलीच. ‘जाऊ दे मेली, वय झालं,’ म्हणून तिनं तो विषय मळक्या कपड्यांच्या ढिगात टाकून दिला. मग पोटानं संप पुकारला. एरंडेल झालं, मनुका झाल्या, गरम पाणी झालं, औषधाच्या दुकानातलं चूर्ण झालं. सगळं पालथ्या घड्यावर पाणी. पोट दगडासारखं, ढोलासारखं, आणि ते घेऊन दिवसभर उभं राहायचं. केस कंगव्यात यायला लागले, आवाज बसला. इस्त्रीपाशी उभं राहून तिला थंडी वाजायची. भर उन्हाळ्यात स्वेटर घालून इस्त्री करणारी बाई गल्लीनं पहिल्यांदाच पाहिली.

बाईच्या जातीनं असलं सांगायचं तरी कोणाला? मुलाला? आईनं पोटाचं नाव काढलं की तो घाईघाईनं कपडे मोजायला घेई. सुनेला सांगायचं म्हणजे तर सुरी आपणच धार लावून दुसऱ्याच्या हातात द्यायची. तिनं कोणालाच सांगितलं नाही.

धाकटी बहीण वारली तेव्हाही ती तशीच गेली आणि तशीच आली. जन्मभर दोघी भांडल्या, आणि भांडून झालं की एकाच ताटात जेवल्या. “ताई, तुझ्या जिभेला हाड नाही,” असं फक्त त्या बहिणीनंच तिला तोंडावर म्हणावं. बहिणीच्या सुनेनं गळ्यात पडून हंबरडा फोडला. लवंगीनं तिच्या पाठीवरून हात फिरवला, आणि मनात एवढंच आलं की हिच्या कपड्यांना इस्त्री नाही. तेही ती बोलली नाही. पूर्वीची लवंगी मयताच्या घरीसुद्धा बोलली असती.

बायका कुजबुजल्या. “दगड आहे, दगड.” तिला ऐकू गेलं. कानावर पडलं आणि खाली पडलं.

मग तो कोट जळला. हॉटेलवाल्याचे पांढरे कोट होते, खळ घातलेले. डाव्या हातानं कापड ताणून धरायचं आणि उजव्यानं इस्त्री फिरवायची. हे काम तिचे हात झोपेतही करत. पण बोटं हल्ली बधिर, दुसऱ्या कोणाची तरी उसनी आणल्यासारखी. इस्त्री एका जागी थांबली ते तिला कळलं नाही. सून किंचाळली तेव्हा तिनं खाली पाहिलं. कोटाच्या पाठीवर इस्त्रीचा तपकिरी ठसा उमटला होता आणि तिच्या करंगळीखालची कातडी पांढरी पडली होती. वासही येत होता म्हणे.

“आई, आता टेबल हिच्याकडे देऊ,” मुलगा म्हणाला. “तू बसून रुमालांच्या घड्या कर.”

टेबल म्हणजे काय, हे सांगायला हवं. ते टेबल तिच्या नवऱ्यानं बनवून घेतलेलं, वर जाड घोंगडी ताणून बसवलेलं, आणि तिच्या उंचीला बसावं म्हणून पाय कापलेलं. तिथे उभं राहिलं की दुकान, रस्ता आणि मागचं स्वयंपाकघर, सगळं एका नजरेत येई. तिथून तिला हलवायचं म्हणजे महिनाभर घरात स्फोट व्हायला हवे होते.

“बरं,” ती म्हणाली.

‘बरं’ ऐकून मुलगाच चपापला. त्यानं उत्तरं तयार करून ठेवली होती. ती तशीच राहिली.

लवंगी स्टुलावर बसली आणि रुमाल पुढे ओढले. टेबल गेल्याचं दुःख होत नव्हतं. दुःख होत नाही, हे मात्र कुठेतरी टोचत होतं, जाड कापडात टाचणी राहून जावी तसं. रागाशिवाय आयुष्यभर तिनं दुसरी कमाई केली नव्हती. त्या रागावर घर उभं राहिलं, त्या रागाला भिऊन देणेकरी वेळेवर आले, त्या रागानंच तिला पहाटे अंथरुणातून उठवलं. तो गेला तर मागे उरलं काय? रुमालांच्या घड्या करणारी एक म्हातारी.

सुनेनं तिला डॉक्टरकडे नेलं. पाळीपासून पोटापर्यंत विचारलं तेवढ्याला लवंगीनं हो-नाही म्हटलं, हात पुढे केला, रक्त दिलं, परत आली. थायरॉइड मंद आहे म्हणाले, रोजची गोळी दिली. हाडांची दिली, रक्त वाढायची दिली. गोळ्या सुरू झाल्या. महिने गेले. काही हललं नाही, पोटही नाही.

तोवर टेबलापाशी सून उभी होती. कॉलर टोकांकडून मध्याकडे घ्यायची असते. मध्यापासून टोकाकडे इस्त्री रेटली की टोकाला चुणी पडते. हे लवंगीनं तिला लग्नानंतर पहिल्याच आठवड्यात रडवून शिकवलं होतं. आता रोज एका तरी शर्टाच्या टोकाला चुणी असायची, आणि सून नेमका तोच शर्ट सासूसमोर आणून धरायची. लवंगीला चुणी दिसायची. दिसायची आणि जायची, रस्त्यावरून सायकल जावी तशी.

पुन्हा रक्त तपासलं. पुन्हा डॉक्टरीणबाईंसमोर दोघी बसल्या. बाई तरुण होत्या, चष्मा डोक्यावर सरकवून बोलणाऱ्या.

“बोला आजी, कसं वाटतंय?”

सुनेनं डोळेच मिटून घेतले. मागे एका भाजीवाल्यानं ‘आजी’ म्हटलं होतं, तेव्हा लवंगीनं भर बाजारात “आजी म्हणतोस तर आजोबाला घेऊन ये, बघू तरी मला शोभतो का,” असं ऐकवलं होतं. भाजीवाल्यानं जागा बदलली.

“ठीक आहे,” लवंगी म्हणाली.

“आकडा तर हलायला तयार नाही. गोळी घेता ना?”

“घेते.”

“रोज?”

“एक दिवस चुकवलेला नाही.”

“डॉक्टर, मी सांगू का?” सून मध्येच म्हणाली. “ह्या बोलत नाहीत.”

“हो, ह्या आजारात आवाज बसतो, माणूस गप्प—”

“तसं नव्हे हो! मला बोलत नाहीत. टोमणा नाही, शिवी नाही, काही नाही. मी रोज मुद्दाम एक कॉलर बिघडवते आणि ह्यांच्या नाकासमोर नेऊन धरते. ह्या बघतात आणि रुमाल उचलतात. लग्न झाल्यापासून मी रोज देवाकडे मागायची, ह्यांचं तोंड एकदाचं बंद होऊ दे. आता झालंय, तर मला झोप येत नाही.”

लवंगीनं सुनेकडे पाहिलं. मुद्दाम, म्हणे. गिऱ्हाइकाचे शर्ट मुद्दाम बिघडवते. ह्यावर उभं-आडवं झोडायला हवं होतं. तिनं आत शोधून पाहिलं, डब्यात हात घालून पाहतात तसं. तळाला काही लागलं नाही.

डॉक्टरीणबाई हसल्या नाहीत. त्यांनी टेबलावरचा रिकामा कप तिच्यापुढे सरकवला. “घरी गोळी कशी घेता, ते करून दाखवा बरं.”

लवंगीनं करून दाखवलं. डावा तळहात पुढे केला, त्यावर उजव्या हातानं काढून ठेवल्यासारखं केलं. “ही थायरॉइडची. ही हाडांची. ही रक्ताची. एकाच मुठीत घ्यायच्या आणि एकदाच गिळायच्या. दहा वेळा आ करायला मला वेळ नाही.” आणि तिनं कप तोंडाला लावला.

“कपात काय असतं?”

“चहा.”

“आणि हे कधी?”

“सगळ्यांचं खाऊन झालं की.” इथे लवंगीचा कणा किंचित ताठ झाला, एवढं एक अजून शिल्लक होतं. “घरातल्या माणसांच्या पोटात घास गेल्याशिवाय मी तोंडात काही घालत नाही. उपाशीपोटी घ्या म्हणालात ना, मग? तोपर्यंत उपाशीच असते मी. चहा काय खाणं आहे?”

डॉक्टरीणबाईंनी चष्मा डोक्यावरून काढून हातात घेतला. “अहो, म्हणजे इतके महिने ती गोळी दारातूनच परत चालली आहे. चहा, हाडांची गोळी, रक्ताची गोळी, सगळे मिळून तिला वाटेत अडवतात. उठल्याबरोबर ती एकटी घ्यायची, साध्या पाण्याबरोबर. मग तासभर चहा नाही की घास नाही. बाकीच्या दोन संध्याकाळकडे ढकला. सकाळी घरात सगळ्यांच्या आधी तुम्ही.”

“सगळ्यांच्या आधी मी?”

“पहिल्या तुम्ही.”

“आणि पोट?”

“पोट, थंडी, केस, बोटं, मन, सगळ्या गाड्या त्या एकाच थायरॉइडच्या इंजिनाला जोडलेल्या आहेत. पाळी बिघडली तेव्हाच यायला हवं होतं तुम्ही. आता जरा दम धरा.”

घरी येताना सून अंतर राखून चालत होती. कोपऱ्यावर थांबून म्हणाली, “आई, रागावलात का? कॉलरचं सांगितलं म्हणून?”

“नाही ना,” लवंगी म्हणाली. “तेच तर.”

पहिल्या दिवशी सकाळी ती पाण्याचा पेला हातात धरून बराच वेळ उभी राहिली. घर झोपलेलं आणि आपण घोट घ्यायचा. चोरी केल्यासारखं वाटलं. गोळी एवढीशी, मोहरीची थोरली बहीण. ती गिळली आणि बसून राहिली. मुलगा उठला, सून उठली, सुनेनं चहाचं भांडं उचललं.

“ठेव ते,” लवंगी म्हणाली. “मला तासभर नाही, तर कोणालाच नाही.”

रागानं नाही, दाराला सूचना चिकटवावी तशी म्हणाली. मुलगा एरंडेल प्यायल्यासारखं तोंड करून बसला. “गोळी आईला आणि पथ्य आम्हाला,” तो पडद्याआड बायकोला म्हणाला. पण बसला. रोज तिघं रिकाम्या कपांसमोर घड्याळाकडे बघत बसायचे. गिऱ्हाईक दारात आलं तर त्यालाही वाटावं, कोणी आजारी आहे का आत.

बरेच आठवडे काहीच झालं नाही. मग एका सकाळी पोटात हालचाल झाली, कोणी आतून खुर्ची सरकवावी तशी. लवंगी उठून संडासात गेली. एरंडेल नाही, चूर्ण नाही, आणि पोट आपलं आपण मोकळं झालं. ती तशीच बसून राहिली. आणि का कोण जाणे, कानात बहिणीचा आवाज आला, ‘ताई, तुझ्या जिभेला हाड नाही.’ डोळ्यांतून पाणी यायला लागलं. मयताच्या घरी भरल्या माणसांत जे आलं नाही ते इथे आलं. फार नाही आलं, थोडंच. रडायला जागा मात्र बरी मिळाली. आतून कडी लागते, आणि कोणी विचारत नाही काय करतेस.

तोंड धुऊन ती बाहेर आली. दोघं रिकामे कप घेऊन बसले होते.

“चहा टाका तुमचा,” ती म्हणाली.

“अजून तास नाही झाला, आई,” मुलगा म्हणाला.

“माझा नाही झाला. तुमचा झाला.”

पुढे स्वेटर खुंटीवर गेला. बोटांना मुंग्या यायला लागल्या. मुलगा टेबलाचं नाव काढत नव्हता, आणि लवंगीही काढत नव्हती. ती स्टुलावर बसून रुमाल करायची, फक्त आता टेबलाकडे बघत करायची.

एका दुपारी सुनेनं शर्टांचा गठ्ठा आणून ठेवला. वरचाच शर्ट बँकेतल्या साहेबांचा. कॉलरच्या टोकाला चुणी. लवंगीनं पाहिली. ह्या वेळी ती चुणी गेली नाही. तिथेच राहिली, आणि मानेमागून काहीतरी ऊन ऊन वर चढलं.

“ही कॉलर आहे की बकरीचा कान?”

आवाज अजून घोगराच होता. इस्त्री थांबली. पडद्याआड मुलाचं मोजणं थांबलं.

सून वळली. “आई...”

“थांब.” लवंगीनं हात वर केला. “मुद्दाम केलीस?”

“नाही हो. डॉक्टरांकडून आलो तेव्हापासून मी ते सोडलं. ही खरंच चुकली.”

“खरंच?”

“खरंच.”

“मग तर जास्तच ऐक! मुद्दाम चुकतेस तेव्हा निदान डोकं तरी वापरतेस. माहेरी काय कागदाच्या होड्या करत होतीस? इतकी वर्षं माझ्या हाताखाली उभी आहेस, एवढ्या वेळात त्या टेबलालासुद्धा कॉलर करता आली असती!”

सुनेच्या डोळ्यांत पाणी, आणि तोंड मात्र कानापर्यंत फाकलेलं.

“दात काय काढतेस? सरक.”

सून सरकली. लवंगी टेबलापाशी उभी राहिली. उंची बरोबर होती. तिनं पाणी शिंपडलं, डाव्या हातानं कॉलर ताणली आणि टोकाकडून आत इस्त्री घेतली. ऊब कापडातून बोटांपर्यंत आली. जरा उशिरानं आली.

“आणि तू उभी काय राहिलीस?” मान वर न करता ती म्हणाली. “ते रुमाल कोण करणार? तुझा सासरा येणार आहे का वरून?”