बाईंची पेटी आणि गुरुवंदनेचा थाट

मित्रांनो, मी एक जुनी पेटी आहे. कपड्यांची नाही, गाण्याची. हल्ली हेही सांगावं लागतं! सक्करदऱ्याच्या प्रयागबाईंनी माझ्यावर निम्म्या नागपूरला गाणं शिकवलं. त्यातले बरेचसे सुरांशी भांडायलाच यायचे. सोनिका मात्र गळा घेऊन आली, शिकली आणि टीव्हीवर जाऊन मोठी झाली. मग तिला आमच्या घराचा रस्ता सापडेना.

यंदा तिला अचानक गुरूंची आठवण आली. गुरुवंदनेचा मोठा कार्यक्रम म्हणे! बाईंचे कान आता जात चाललेत. ते पुरते बंद होण्याआधी सोनिकाचं गाणं एकदा जवळून ऐकावं, एवढीच त्यांची इच्छा होती. पण ती विचारायला आयोजकांना फुरसत कुठे? त्या शहाण्यांनी मला चकचकीत व्हर्निश फासलं, पट्ट्यांवरसुद्धा! सगळ्या पट्ट्या चिकटून बसल्या. वर झेंडूचा हार घातला आणि मला बाईंच्या खुर्चीशेजारी शोभेला ठेवलं.

भाषणं झाली. एका वक्त्याने तर बाईंचं नावच चुकवलं. सोनिकाने कॅमेऱ्याकडे बघून डोळे पुसले आणि गाऊ लागली. साथीला पेटी वाजत होती, पण लॅपटॉपमधली! शी! भोंगे एवढे किंचाळत होते की बाईंनी दोन्ही कान झाकले.

मग त्या ओरडल्या, "बंद कर वं ते! मले काहीच कळून नाही राहिलं. इथं माह्याजवळ बसून म्हण."

"बाई, एवढे लोक बसून आहेत..." सोनिका पुटपुटली.

"मंग? तू कोणाले गाणं ऐकवाले आली वं?"

सोनिकाचा चेहरा उतरला. तिने माइक ठेवला आणि भरजरी साडीनिशी खाली बसली. बाईंनीही खुर्ची सोडली, माझ्यावरचा हार भिरकावला, मला मांडीशी ओढलं. माझा एक षड्ज तेवढा कसाबसा निघाला. त्यावर सोनिका गायली. दुसऱ्याच ओळीला सूर घसरला. बाईंनी तिथेच भाता थांबवला.

"परत."

मागे कुणी फिदीफिदी हसलं, काही उठून गेले. जाईनात का! त्यांचे फोटो काढून झाले होते. सोनिकाने परत सुरुवात केली, परत चुकली. बाईंनी परत थांबवलं. शेवटी एकदा मात्र भाता थांबला नाही. बाई डोळे मिटून ऐकत राहिल्या.

मित्रांनो, पेटी वाजवा, रंगवू नका. आणि गुरूंना ऐकू येतंय तोवर त्यांच्यासमोर जाऊन चुका. नंतर फोटोला हार घालायला अख्खं गाव रिकामंच असतं.