दोन होड्या, एक इंजिन

सादरीकरणाला वीस मिनिटं उरली होती आणि आईला नेमकी तेव्हाच माझी आठवण झाली.

"केलेरा, या आठवड्यात दालोचे कंद पाठवता येणार नाहीत गं," ती फोनवर म्हणाली. "इंजिन वुनिकोरोला गेलंय. तुझा मामा घेऊन गेला."

"कुठलं इंजिन?"

"कुठलं म्हणजे? आपल्या होडीचं. त्यांचं गेल्या वर्षीच समुद्रात गेलं ना. लागेल तेव्हा येऊन मागतात. सख्ख्या भावाला नाही म्हणू?"

फोन ठेवून मी जिन्याकडे धावले.

फिजीच्या राजधानीत, सुवाच्या विद्यापीठात इंजिनिअरिंगच्या तिसऱ्या वर्षाला संभाव्यता आणि ऑप्टिमायझेशन शिकताना एक खराखुरा प्रश्न सोडवून दाखवावा लागतो. मी आणि माझ्याच वर्गातल्या आपाकुकीने आमच्याच बेटाचा घेतला. आजाऱ्यांना मोठ्या बेटावरच्या दवाखान्यात न्यायला आरोग्य खातं एक नवी होडी देणार होतं. ती कुठे उतरवायची? पश्चिमेला माझं वाइसेवा आणि शेजारचं वुनिकोरो, दोघांकडे एकेक होडी. पूर्वेला आपाकुकीचं नायवाका, तिथे एकच. मध्ये डोंगर, रस्ता नाही.

गावप्रमुखांनी भरलेल्या फॉर्मवरून आम्ही आकडे काढले. पश्चिमेची प्रत्येक होडी दहा दिवसांत एक दिवस बंद. दोन्ही एकाच दिवशी बंद असण्याची शक्यता दहातला एक गुणिले दहातला एक, म्हणजे शंभरात एक. नायवाकाची विसात एक. उत्तर उघड होतं, होडी नायवाकाला. पश्चिमेच्या दोन्ही गावांचा आकडा सारखा कसा, हा प्रश्न आम्हाला पडला होता. एकाच कंपनीची इंजिनं असतील म्हणून सोडून दिला. डॉ. मुनसामी वर्गात घसा फोडून सांगायचे, "गुणाकार करण्याआधी विचारा, या दोन गोष्टी एकमेकींना ओळखतात का?" आणि आमच्या बेटावर एकमेकांना न ओळखणारं काहीही नाही. नाताळात ते इंजिन वाळूवरून ओढायला मीसुद्धा हात लावला होता. स्वतःच्या थोबाडीत मारावीशी वाटली.

आपाकुकी जिन्यात भेटला. तो माझ्या आत्याचा मुलगा, त्यामुळे टोमणे मारण्याची आम्हाला जन्मतःच परवानगी आहे.

"काय गं, तोंड असं शिळ्या माशासारखं का?"

मी सांगितलं. त्याची थट्टा तिथेच थांबली.

"म्हणजे पश्चिमेला शंभरात एक नाही," तो म्हणाला.

"दहात एक. इंजिन बंद, तर दोन्ही गावं बंद. होडी आमच्याकडे जायला हवी."

"तुमच्याकडे." तो कठड्याला टेकला. "सालोतेचे दिवस भरत आलेत. पहिल्या वेळी काय झालं होतं, विसरलीस?"

विसरले नव्हते. त्याच्या बहिणीला तेव्हा भर लाटांमधून न्यावं लागलं होतं. मूल वाचलं नाही.

"आज गप्प बस," तो म्हणाला. "मग बघू."

"मग कधी? खात्याचे साहेब आज सही करणार. मालवाहू बार्ज चारला सुटतो, होडी त्याच्यावर चढलीये."

तो वळून आत गेला.

आरोग्य खात्याचे रोकोतुई साहेब पहिल्या रांगेत, होडी कुठल्या गावाला द्यायची ते पत्र मांडीवर घेऊन बसले होते. पेनाचं टोपण काढलेलं होतं. मुनसामी सर मागे. मी पडद्यावरचा पश्चिमेचा आकडा खोडला आणि का खोडला ते सांगितलं.

"थांबा," रोकोतुई म्हणाले. "काल पाठवलेल्या कागदात होडी नायवाकाला जात होती. आज आईचा फोन आला आणि ती वळली. तुमचं गाव कुठलं म्हणालात?"

"वाइसेवा."

खोलीत हशा पिकला.

"पुरावा आहे का, केलेरा?" मुनसामींनी विचारलं.

"आईने सांगितलं, सर."

"आई चांगलीच असेल. पण पुरावा?"

मी आपाकुकीकडे पाहिलं. तो संगणकापाशी खाली मान घालून बसला होता. तो गप्प राहिला असता तर मी त्याला दोष दिला नसता. छे, खोटं कशाला बोलू? जन्मभर दिला असता.

रोकोतुईंनी पत्र सरळ केलं.

"सर," आपाकुकी म्हणाला. त्याने दोन्ही गावांचे फॉर्म पडद्यावर शेजारी शेजारी लावले आणि खालच्या एका रकान्यावर बाण नेला. इंजिनावर कोरलेला नंबर. आमच्या गणितात त्याला जागा नव्हती, म्हणून सहा महिने आम्ही दोघांनीही तो वाचला नव्हता.

"वाइसेवा. चार शून्य सात, सात एक तीन," त्याने वाचलं. मग बाण शेजारच्या फॉर्मवर नेला. "वुनिकोरो. चार शून्य सात, सात एक तीन."

रोकोतुई उठून पडद्यापाशी गेले आणि आकडे पुन्हा जुळवले. "फॉर्म भरला त्या आठवड्यात इंजिन ज्याच्याकडे, त्याने आपलं म्हणून लिहिलं," ते पुटपुटले. "आणि मुला, तू कुठला?"

"नायवाकाचा."

या वेळी कोणी हसलं नाही. साहेबांनी पत्रावरचं नाव खोडलं, वर वाइसेवा लिहिलं, सही केली आणि बंदराकडे निघाले.

बाहेर पायरीवर आपाकुकी बसला होता. मी शेजारी बसले.

"नायवाकाचं काय उरलं?" त्याने विचारलं.

"तेच. विसात एक."

"सालोतेला नेमका तोच दिवस आला तर?"

इंजिन ज्या गावाचं त्याच गावात राहणार, असंच आम्ही सगळीकडे धरलं होतं. तेवढ्यात माझ्या लक्षात आलं, ते कुठल्याच गावात कधी राहिलं नव्हतं. मी फोन काढला.

"आई, नवी होडी उद्या आपल्याकडे उतरतेय. तिला तिचं इंजिन आहे, मामाचंही तिच्यावर भागेल. आपलं जुनं राखीव म्हणून नायवाकाला पाठव. सालोते मोकळी होईपर्यंत तिथेच राहू दे. आत्याला मागायला लावू नकोस, मीच मागतेय."

"ते तुझ्या मामाकडे आहे ना गं. मंगळवारी देईल."

"आई."

"बरं, बरं. उद्याच मागते. भाऊ आहे माझा, नाही कसं म्हणेल?"

आपाकुकीने माझ्या हातातून फोन घेतला. "मामी, मी बोलतोय," तो म्हणाला, आणि सालोतेच्या दिवसांचा हिशेब सांगू लागला.