रिकामा मिक्सर

धोंडप्पानं मिक्सर पालथा घातला, चार स्क्रू काढले आणि सवयीनं आत नाक घातलं. मिक्सर उघडला की त्या घरातलं जेवण कळतं, असं तो गमतीनं म्हणायचा. कुणाच्या मिक्सरच्या पोटातून शेंगदाण्याच्या चटणीची भुकटी निघायची, कुणाच्या काळा मसाला. तीस वर्षांत कोरा मिक्सर काही त्यानं पाहिला नव्हता. हा तेवढा दर वेळी कोरा निघायचा. भांड्याचं पातं कालच दुकानातून आणल्यासारखं, आणि आतलं मोटरचं आर्मेचर मात्र जळून काळंठिक्कर. वर्षात तिसऱ्यांदा.

"एवढं काय वाटता, साहेब?" त्यानं विचारलं.

"तुला काय करायचंय? चालू करून दे," हवालदार कृष्णराज हसून म्हणाला. त्याचं हसणं चांगलं होतं. बाजाराच्या दिवशी म्हाताऱ्यांना हात धरून रस्ता ओलांडून द्यायचा. पोलिसाची दोस्ती नको अन् दुश्मनीही नको, हे जाणून धोंडप्पानं मिक्सर ठेवून घेतला.

दुसऱ्या दिवशी दुपारी हवालदाराची बायको भुवनेश्वरी दुकानात आली. ऊन मी म्हणत होतं, तरी अंगात लांब बाह्यांचं झंपर.

"मामा, मिक्सर झाला?"

"संध्याकाळपर्यंत देतो की."

"नका देऊ." ती रस्त्याकडं बघत बोलत होती. "बिघडलेलाच ऱ्हाऊ द्या. चाळीच्या भिंती लई पातळ हायत. आधी हे मिक्सर लावत्यात, मग दाराला कडी. मिक्सर नसला की हात उचलत न्हाईत."

धोंडप्पाच्या हातातला टेस्टर तसाच राहिला. "तक्रार तरी..."

"कुठं करू, मामा? ठाण्यात गेले व्हते एकदा. तिथल्या साहेबांनी चहा पाजला अन् ह्यांनाच फोन केला, घेऊन जा म्हणून."

ती गेली आणि धोंडप्पाला स्वतःच्या हातांची किळस आली. दोनदा त्यानंच तो मिक्सर दुरुस्त केला होता. मन लावून, आवाज खणखणीत यावा म्हणून.

मग तो खोटं बोलू लागला. कृष्णराज रोज गाडी थांबवून विचारायचा आणि धोंडप्पा सांगायचा, "धाराशिवहून आर्मेचर आलं न्हाय, साहेब." असे दहा दिवस गेले. घरी बायकोनं चटणी वाटायला घेतली तरी त्याला धडकी भरायची. "काय झालंय तुमाला?" शांताक्का म्हणायची. "मिक्सरच हाय, भूत न्हाय."

अकराव्या दिवशी हवालदारानं गाडी थांबवली नाही. मागच्या सीटवर नव्या मिक्सरचं खोकं बांधलं होतं. वळणावर त्यानं मान वळवून धोंडप्पाकडं पाहिलं आणि तो हसला.

धोंडप्पानं शटर ओढलं आणि मागोमाग निघाला. जाऊन काय करणार, हे त्याचं त्यालाच ठाऊक नव्हतं. पोलीस चाळीत दुपारची सामसूम होती. दोरीवरच्या खाकी शर्टांच्या बाह्या हलत होत्या. खाली ओट्यावर तीन बायका तांदूळ निवडत बसल्या होत्या. तेवढ्यात वरच्या मजल्यावर मिक्सर सुरू झाला. भांडं रिकामं आहे, हे धोंडप्पाला आवाजावरून जिन्याशीच कळलं. ओट्यावरच्या एकाही बाईनं मान वर केली नाही, फक्त बोटं भरभर चालू लागली. म्हणजे ह्यांनाही कळत होतं.

जिन्याखाली मेन बोर्ड होता. धोंडप्पानं त्याचा दांडा धरला आणि खाली ओढला.

साऱ्या चाळीतले पंखे हळूहळू थांबले. मिक्सर जरासा घरघरला आणि गप्प झाला. मग भुवनेश्वरीचा आवाज आला. ती ओरडत नव्हती. "नका मारू, नका मारू," असं एकाच सुरात म्हणत होती, पाठ झालेलं म्हणावं तसं. पट्ट्याचा आवाज आणखी दोनदा झाला. मिक्सर बंद पडलाय हे हवालदाराला कळायला तेवढा वेळ लागला.

एकेक दार उघडत गेलं. वरची कडी निघाली आणि बूट जिना उतरू लागले.

"कोण हाय रे खाली? लाईट लाव!"

धोंडप्पानं दांड्यावरचा हात काढला नाही. तांदूळ निवडणाऱ्यांतली एक बाई सूप बाजूला ठेवून उठली, पदर खोचला आणि जिन्याच्या तोंडाशी वाट अडवून उभी राहिली.