व्हॉलीबॉलची दुखापत

लीलंड ब्रूसार्डच्या डाव्या पायातली चप्पल कुठे गळून पडते, ते त्याला कधीच कळत नसे. कंबरेतली नस दबली तेव्हापासून तो पाय गुडघ्याखाली बधिर होता. आजही चप्पल कचेरीच्या पायरीवर राहिली आणि हा गडी एका पायात चप्पल घालून गिड्रीच्या टेबलासमोर येऊन बसला.

"फौजेने एकच चप्पल दिली का रे तुला?" म्हातारा चष्म्यावरून बघत म्हणाला. "बरोबरच आहे. तुझ्या नशिबी सगळं अर्धंच."

मिस्टर गिड्री माजी सैनिकांचे अर्ज भरून देत. लीझव्हिल हे फौजी तळाशेजारचं गाव, घरटी एक पेन्शनवाला, त्यामुळे ज्याला त्याला कधी ना कधी या टेबलाशी यावंच लागे. म्हातारा फुकट काम करी आणि त्याची वसुली टोमण्यांतून करी.

लीलंडची गोष्ट ऐकणाऱ्याला पटत नसे. पाठ गेली म्हणून फौजेने त्याला सतरा वर्षांनी पेन्शन देऊन घरी पाठवलं. त्याच पाठीपायी माजी सैनिक खात्याने दरमहा भरपाई सुरू केली. शेजाऱ्यांना वाटे, याच्या दोन्ही हातांत लाडू. प्रत्यक्षात भरपाईचा जेवढा डॉलर या हातात पडे, तेवढाच पेन्शनमधून कापला जाई. वीस वर्षं भरली असती तर कापला गेला नसता. तीन कमी पडली. मग उरली एकच वाट. दुखापत लढाईतली असेल, तर कापलेल्यातलं बरंचसं खास भत्ता म्हणून परत मिळतं. लीलंडच्या हिशेबाने महिना अकराशे. तो अर्जच आज नामंजूर होऊन आला होता.

"एका शब्दाने घात केलाय," म्हणत गिड्रीने एक कागद त्याच्याकडे फिरवला. आठ वर्षांपूर्वीची, परमुलखातल्या तळावरची दवाखान्याची चिठ्ठी होती. 'पाठदुखी. व्हॉलीबॉल खेळताना पडला.'

"खात्याला व्हॉलीबॉल चालतं. नोकरीत असताना पडलास, त्यांना एवढं पुरे. भत्तेवाल्यांना मात्र चालत नाही. खरं सांग, खेळत होतास?"

"नाही."

"मग ही पाठ कशाने मोडली?"

"रस्त्यात सुरुंग फुटला. गाडी उचलली गेली नि आपटली."

लीलंडने हे भाजीचा भाव सांगावा तसं सांगितलं. त्याला आत काहीही झालं नाही. हल्ली काहीच होत नसे.

"आणि स्फोटाच्या अहवालात लिहिलंय, जखमी कोणी नाही. खाली सही कुणाची?"

"माझी."

गिड्रीने चष्मा काढून ठेवला. शहाणपण शिकवावं असं त्याला वाटलं असणार, पण तोही जुना शिपाई होता. जखमी म्हणून नोंद झालेल्या माणसाला विमानात घालून थेट दूर पाठवत आणि तो पुन्हा आपल्या पलटणीत येत नसे. वीस-बावीस पोरं तिथे टाकून आपण इस्पितळात पडायचं, हे लीलंडला जमण्यातलं नव्हतं. त्याच्या पलटणीत कुणालाच जमलं नव्हतं. त्या उन्हाळ्यात कागदोपत्री ज्याची त्याची पाठ, मान, गुडघा व्हॉलीबॉलनेच गेला. तळावर जाळी होती खरी, पण तिच्यावर मोजे वाळत. चेंडू तर कुणी पाहिलाच नव्हता.

"चिठ्ठी लिहिली कुणी?"

"आमच्या डॉकने. पलटणीत औषधपाणी बघणारी शिपाई, मारिसोल. त्या गाडीचा ड्रायव्हर पुढे मोटरसायकलच्या अपघातात गेला, तोफेवरचा पोरगा फोन उचलत नाही. साक्षीला तीच एक उरलीय."

"तुझं एकट्याचं म्हणणं कुणी धरणार नाही. तिने शपथेवर लिहून दिलं, की सुरुंग होता आणि मी खोटं लिहिलं, तर अपील उभं राहतं." म्हाताऱ्याने चष्मा पुन्हा चढवला. "ती आता करते काय?"

"नर्स आहे."

"मग विचार करून जा, पोरा. रुग्णाचा कागद खोटा लिहिला असं नर्सने शपथेवर सांगायचं, म्हणजे परवाना स्वतःच्या हाताने चुलीत घालण्यासारखं आहे."

लीलंडने विचार केला नाही. घरी नोला होती. सकाळी शाळेच्या स्वयंपाकघरात आणि संध्याकाळी पेट्रोल पंपाच्या गल्ल्यावर उभी राहणारी, सुजलेल्या गुडघ्यांची. भत्ता आला की पंप सोडायचा, हे त्यांचं ठरलं होतं. तो तसाच तासभर गाडी हाकत मारिसोलच्या इस्पितळात गेला.

कँटीनमध्ये ती धावतच आली. तिच्या गळ्यात ओळखपत्राची नवी पट्टी होती, वॉर्डाची प्रमुख झाली होती. "सार्ज!" तिने जुन्या सार्जंटच्या हुद्द्यानेच हाक मारली. "तुमची चप्पल कुठंय?"

"कचेरीत."

"अजून सुन्नच आहे ना पाय? तेव्हाच म्हटलं होतं मी तुम्हाला."

"म्हटलं होतंस."

त्याने सगळं सांगितलं. परवान्याचंही सांगितलं, लपवलं नाही. वाटलं होतं, ती वेळ मागेल, नवऱ्याला विचारते म्हणेल, निदान चिडेल तरी. मारिसोलने खिशातून पेन काढलं.

"काय लिहू?"

"डॉक, ऐकलंस ना मी काय म्हणालो?"

"ऐकलं की. तेव्हा तुम्ही म्हणालात व्हॉलीबॉल लिही, मी लिहिलं. आता म्हणताय सुरुंग लिही, तर सुरुंग लिहिते." ती हसली. "तुमचं ऐकायची सवय आहे, सार्ज. तिथे ऐकलं म्हणून तर जिवंत आले."

तिने पानभर लिहिलं, शपथेच्या ओळीसकट, आणि खाली ठसठशीत सही केली. लीलंड तिचा हात बघत राहिला. चिठ्ठी लिहिली त्या रात्री तंबूत ती तेवीस वर्षांची होती. हे खोटं आहे, मला नाही लिहायचं, असं ती दोनदा म्हणाली होती. त्याने तिला हुकूम दिला होता. ही गोष्ट त्याने गिड्रीला सांगितली नव्हती आणि स्वतःलाही बरीच वर्षं सांगितली नव्हती. छातीत कुठेतरी काही हललं. दुखलं असं म्हणण्याइतकंही नाही, पण हललं.

घरी आला तेव्हा नोला पंपावर जायच्या तयारीत होती. लाल एप्रन घातलेला, हातात किल्ल्या. त्याची दुसरी चप्पल टेबलाजवळ ठेवलेली.

"गिड्री टाकून गेला," ती म्हणाली. "सगळं सांगितलं त्याने. दिलं का तिने लिहून?"

"दिलं."

नोलाने डोळे मिटून मोठा श्वास सोडला. मग त्याच्या चेहऱ्याकडे पाहिलं. "मग?"

"मी तो कागद देणार नाही."

"का?"

"परवाना जाईल तिचा. हुकूम माझा होता, नोला. मी लिहायला लावलं तिला."

"तुझी पलटण, तुझी डॉक, तुझा हुकूम." नोलाचा आवाज चढला नाही, तेच वाईट होतं. "त्यांना सोडून यायला नको म्हणून तू पाठ मोडून घेतलीस. त्यांच्यासाठी तेव्हाही घर सोडलंस, आजही सोडतोयस. आणि मी रे कोण? माझे गुडघे कुठल्या लढाईत गेले?"

लीलंडला काहीतरी बोलायचं होतं. माफ कर म्हणायचं होतं. ती म्हणते ते अक्षरन् अक्षर खरं होतं. पण तोंडात आला तो कागदावरचाच शब्द.

"चिठ्ठीवर आहे तेच खरं समज. मी व्हॉलीबॉल खेळत होतो."

नोलाने किल्ल्या एप्रनच्या खिशात टाकल्या.

"निदान जिंकलास तरी का?"

नोलाने घड्याळ पाहिलं, पाळीला सात मिनिटं उरली होती. मग ती टेबलाला धरून, कण्हत, त्या सुजलेल्या गुडघ्यांवर खाली बसली, त्याचा डावा पाय उचलला, त्यात चप्पल नीट सरकवली आणि उठून निघून गेली.

लीलंड खाली बघत होता, म्हणूनच पायात चप्पल आल्याचं त्याला कळलं.