ग्लेंडाचं डोकं ठिकाणावर आहे

ग्लेंडा टिलमन माझ्या समोरच्या बंगल्यात राहायची. तिचा नवरा रॉइस लोकांच्या परसात पोहण्याचे तलाव बांधून द्यायचा. फिनिक्सच्या उन्हात तो धंदा असा फळला की गोल्फच्या मैदानाला लागून त्यांनी हे घर घेतलं. सात न्हाणीघरं आणि माणसं दोन. मुलगा किर्क लग्नानंतर स्कॉट्सडेलला वेगळा राहत होता, त्याचंही घर असंच अवाढव्य.

रॉइस गेला त्याच्या पुढच्या वसंतात ग्लेंडा मला म्हणाली, जरा बरोबर येशील का? घरात न मावणारं सामान ठेवायला त्यांनी हायवेच्या कडेला दोन खोल्या भाड्यानं घेतल्या होत्या. भाडं दरमहा बँकेतून परस्पर जायचं, पण तिथं कुणी फिरकलं नव्हतं. आम्ही शटर वर केलं. आत छतापर्यंत खोकी, आणि निम्म्यांची चिकटपट्टीसुद्धा काढलेली नव्हती. टीव्हीवर जाहिरात बघून मागवलेल्या वस्तू होत्या त्या. पाव भाजायची यंत्रंच चार निघाली, चारही एकाच कंपनीची.

ग्लेंडा त्यातल्याच एका खोक्यावर बसली. मला वाटलं, आता रडेल.

"हे घेताना मला आनंद झाला असेल ना गं?" ती म्हणाली. "एकाही वस्तूचा आठवत नाहीये."

मग उठून तिनं बाह्या वर सारल्या.

त्या आठवड्यात दोन्ही खोल्या रिकाम्या झाल्या. मग ती घराच्या मागे लागली. रोज सकाळी फाटकासमोर सामान मांडायची आणि वर पाटी, 'फुकट न्या'. दुसऱ्या वस्त्यांमधून लोक खटारा गाड्या घेऊन यायला लागले. आमच्या कॉलनीच्या मंडळाला ते खपेना. अशानं सगळ्यांच्या घरांच्या किमती पडतील म्हणून त्यांनी तिला नोटीस धाडली. ग्लेंडानं ती नोटीस एका दिव्याच्या खाली ठेवली आणि म्हणाली, दिवा नेणाऱ्यानं हीसुद्धा न्यावी.

रॉइसनं लग्नाच्या पंचविसाव्या वाढदिवसाला दिलेला फरचा कोट तिनं भटक्या कुत्र्यांच्या निवाऱ्याला दिला. किर्कच्या बायकोचा त्या कोटावर फार दिवस डोळा होता. तिनं फोनवर बराच आवाज चढवला म्हणे. ग्लेंडानं ऐकून घेतलं आणि फोन ठेवून दिला.

इथवर किर्कनं सहन केलं. आईला एकटेपणा आलाय, होईल ठीक, असं तो मलाही म्हणाला होता. पण ग्लेंडानं घर विकलं आणि आलेल्या पैशांतला मोठा वाटा रॉइसच्या जुन्या खोदकाम करणाऱ्या माणसांना वाटला, तेव्हा तो थेट माझ्या स्वयंपाकघरात येऊन धडकला. नव्या जागेत जाईपर्यंत ती माझ्याकडेच उतरली होती. खोदणारी ही माणसं बहुतेक मेक्सिकोतून आलेली, आता म्हातारी झालेली. त्यांचा मुकादम ऑक्टाव्हिओ, त्याच्या पाठीची दोन ऑपरेशनं झाली होती आणि तो मुलीच्या गॅरेजमध्ये खाट टाकून राहत होता. ग्लेंडानं त्याला छोटं घर घेऊन दिलं.

"त्यांना बाबांनी मजुरी दिली होती," किर्क म्हणाला. "वेळच्या वेळी. कुणाचा एक डॉलर ठेवला नाही."

"मला तर त्याहून पुष्कळ मिळालं," ग्लेंडा म्हणाली, "आणि मी एक फावडंसुद्धा मारलं नाही. तूही नाहीस."

"मॉम, तुला कळतंय का तू काय करतेयस?"

"आत्ताच कळायला लागलंय."

महिन्याभरात कोर्टाचा कागद आला. किर्कनं अर्ज केला होता की आईची बुद्धी चळली आहे, तिचे व्यवहार यापुढे आपल्या हाती द्यावेत. ग्लेंडानं तो वाचला आणि चष्मा काढून ठेवला. मुलाचं नाव अर्जदार म्हणून छापलेलं तिला लागलं होतं. मी म्हटलं, थोडं नमतं घे, त्याला काहीतरी लिहून दे, म्हणजे प्रकरण मिटेल. ती माझ्यावरच उखडली.

"मी शहाणी आहे हे सिद्ध करायला मी त्याला पैसे द्यायचे? मग तर मी खरीच वेडी."

कोर्टानं नेमलेला डॉक्टर येऊन तिला तपासून गेला. आजची तारीख काय, शंभरातून सात सात वजा करा, असले प्रश्न. धंद्याचे हिशेब तीच बघायची, तेव्हा त्याचा प्रश्न पुरा व्हायच्या आधीच तिचं उत्तर तयार असायचं.

सुनावणीला किर्कच्या वकिलानं मलाच साक्षीला बोलावलं. शेजारणीला सामान वाटताना तुम्ही स्वतः पाहिलंत का, त्यानं विचारलं. हो म्हटलं. पूर्वी कधी तिला असं वागताना पाहिलं होतं का? नाही म्हटलं, पूर्वी रोज तिच्या दारात सामानाची गाडी थांबायची आणि खोकी उतरायची, एकदा तर एकाच दिवशी तीन गाड्या आल्या. तेव्हा मात्र तिला डॉक्टरकडे न्यावं असं कुणाला वाटलं नाही. वकील म्हणाला, विचारलं तेवढंच सांगा. न्यायाधीशबाई म्हणाल्या, सांगू द्या त्यांना.

मग ग्लेंडाला उभं केलं. फरच्या कोटाचं निघालंच. एवढा महागडा कोट कुत्र्यांना दिलात हे खरं का?

"नव्या जन्मलेल्या पिल्लांना ऊब लागते," ती म्हणाली. "मला फिनिक्समध्ये कशाला लागेल?"

मागच्या बाकांवर हशा पिकला. ती हसली नाही. न्यायाधीशबाईंनी तिला विचारलं, मिसेस टिलमन, हे सगळं तुम्ही का केलंत ते तुमच्या शब्दांत सांगा.

"बाई, चाळीस वर्षं मी विकत घेत होते," ग्लेंडा म्हणाली. "शेजारणीनं स्वयंपाकघर बदललं की मी बदलायची. आमचं बघून तिसरी बदलायची. ते सगळं ठेवायला मोठं घर, ते घर फेडायला रॉइसला आणखी काम. तो साइटवर उभा असतानाच कोसळला, आणि तेव्हाही आम्ही आणखी मोठं घर बघत होतो. त्या सगळ्या वर्षांत मला कुणी वेडी म्हटलं नाही. मी घेणं थांबवून द्यायला लागले, आणि चार महिन्यांत माझा मुलगा मला इथं घेऊन आला. मला खायला पुरेल एवढं मी ठेवलंय, त्याचा कागद तुमच्यासमोर आहे. बाकीचं माझं होतं आणि मी दिलं. उद्या पुन्हा देईन. तुम्हाला हे वेड वाटत असेल तर तसं लिहा, पण मी माफी मागणार नाही."

ती किर्ककडे बघत नव्हती. तो मात्र खाली मान घालून टायचं टोक बोटांना गुंडाळत होता.

न्यायाधीशबाईंनी अर्ज फेटाळला. न पटणारा निर्णय घेणं म्हणजे बुद्धी चळणं नव्हे, एवढंच त्या म्हणाल्या.

बाहेर व्हरांड्यात किर्कनं तिला गाठलं. क्लबात लोक माझ्यावर हसतायत, तो म्हणाला. त्याच्या आवाजात राग होता, पण नुसता राग नव्हता. घराचे हप्ते, दोन गाड्या, मुलांच्या शाळा, सगळं त्यानं आईचं घर उद्या आपल्यालाच मिळणार या हिशेबानं मांडलं होतं.

"ते घर विक," ग्लेंडा म्हणाली. "छोटं घे. मी येते सामान आवरायला."

तो वळून चालता झाला.

ती आता लॉन्ड्रीच्या वरच्या मजल्यावर दोन खोल्यांत राहते. नाताळात किर्कनं तिच्याकडे भली मोठी टोपली पाठवली. चीज, चॉकलेटं, सुका मेवा आणि वर चकचकीत कागद. तिनं ती तशीच परत धाडली आणि आत चिठ्ठी टाकली की रिकाम्या हातानं ये.

जानेवारीत एका रविवारी तो खरंच आला. मीही तिथंच होते. हातात काही नसल्यामुळे हात कुठं ठेवावेत हेच त्याला सुचत नव्हतं. शेवटी त्यानं ते खिशात घातले. ग्लेंडानं त्याला मक्याचं सूप वाढलं. तासभर मुलांच्या गप्पा झाल्या, मग पुन्हा घरावरून वाजलं, दोघांचेही आवाज चढले. मी उठायला लागले तर तिनं मला हात धरून बसवलं.

अखेर तो थकून म्हणाला, "निदान जे उरलंय ते तरी ठेवशील ना आमच्यासाठी?"

"नाही," ग्लेंडा म्हणाली, आणि त्याच्या वाटीत आणखी सूप ओतलं.