मॅटच्या कडेला

"आई, डावीकडून सुरू कर," अनिका म्हणाली.

शुभानं डावीकडचा भांग पाडला, केसांवर थोडं पाणी मारलं आणि कपाळापासून वेणी घालायला घेतली. डोक्याला चिकटून मागे जाणारी, मानेपाशी संपणारी घट्ट वेणी. कुस्तीत केस सुटले की रेफ्री खेळ थांबवतो, आणि अनिकाला मध्ये थांबलेलं आवडत नसे. जिममध्ये शिट्ट्या, आरडाओरडा आणि मॅट पुसायच्या औषधाचा वास भरून राहिला होता. वेणी कानापर्यंत आली असेल, तेवढ्यात अनिका पुन्हा म्हणाली, "आई, डावीकडून सुरू कर ना."

"तेच तर करतेय गं."

"ओके."

शुभाची बोटं तिथंच थांबली. पोरगी चेष्टा करत नव्हती. आपण हे आत्ताच बोललो होतो, हे तिला ठाऊकच नव्हतं.

"अनू, डोक्याला काही लागलंय का तुला?"

"नो." मग जरा वेळानं, "प्रॅक्टिसला मकेलाचा गुडघा लागला. इट्स नथिंग, आई. हळू बोल."

मकेला तिची सरावातली जोडीदार. ती शुभाच्या मागेच उभी होती, आणि तिच्यामागे आणखी दोघीतिघी, हातात कंगवे आणि रबरबँड घेऊन. स्पर्धेच्या सकाळी ही रांग ठरलेली असे.

शुभा लग्न होऊन नागपूरहून अमेरिकेत बेलव्ह्यूला आली तेव्हा तिच्याकडे बी.फार्म.ची पदवी होती आणि नोकरीची परवानगी नव्हती. संजय सकाळी ऑफिसला गेला की ती अपार्टमेंटच्या खिडकीतून पार्किंगमधल्या गाड्या बघत बसायची. पुढे अनिका झाली, मोठी झाली, शाळेत जाऊ लागली. उशिरा का होईना परवानगी मिळाली आणि शुभा एका फार्मसीत अर्धवेळ बाटल्यांत गोळ्या भरायला लागली. पण मराठी मंडळाच्या गणपतीत ती संजयची बायको असायची आणि फार्मसीत नावाची पट्टी लावलेली एक बाई.

सहावीतल्या अनिकानं घरी येऊन सांगितलं की तिला कुस्ती खेळायची आहे. संजय हसला. नागपूरहून शुभाची आई फोनवर म्हणाली, "पोरीला कोणी शिकवत नसते अशी मारामारी." शुभाला स्वतःलाही ते पटलं नव्हतं. पण त्या मुलीनं तोवर कधी काही असं डोळ्यांत डोळे घालून मागितलं नव्हतं. शुभानं हो म्हटलं. पहिल्या स्पर्धेला आईच्या हातची वेणी सुटली नाही, हे दुसऱ्या एका मुलीनं बघितलं आणि ती येऊन समोर बसली. मग तिसरी आली. वर्षभरात सगळ्या क्लबच्या मुली तिला 'मामा शुभा' म्हणू लागल्या; त्यांच्या इंग्रजीत मामा म्हणजे आई. पाय धरून पट कसा काढतात, गुण कशाचे मिळतात, हे ती तिथंच मॅटच्या कडेला बसून शिकली. त्या जिममध्ये ती कुणाची बायको नव्हती.

त्या दिवशी, मकेलाच्या गुडघ्याचं कळल्यावरही, तिनं अनिकाच्या दोन्ही वेण्या पुऱ्या केल्या. नको म्हणावं असं तोंडापर्यंत आलं होतं. पण नाव पुकारलं गेलं आणि पोरगी पळाली.

अनिका जिंकली. समोरच्या मुलीचा पट तिनं नेहमीसारखाच काढला आणि तिला उताणी पाडली. रेफ्रीनं हात वर केला. आणि मग अनिका हसत हसत समोरच्या संघाच्या बाकाकडे चालत गेली, आणि तिथल्या कोचसमोर जाऊन उभी राहिली. त्यानं तिला खांद्याला धरून वळवलं. लोकांना गंमत वाटली. शुभा उठली, तिच्या क्लबच्या कोच रमीरेझपाशी गेली आणि म्हणाली, "अनिकाचं पोट दुखतंय. मी तिला घरी नेते."

गाडीत अनिकानं सीट मागे करून डोळ्यांवर हात ठेवला.

"मळमळतंय?"

"थोडंसं. गाडीमुळे."

"उजेडाचा त्रास होतोय ना?"

"आई, प्लीज. कोचला सांगायचं नाही. प्रॉमिस कर."

याआधी दोनदा तिच्या डोक्याला असा मार बसला होता. मागच्या वेळी ती कितीतरी दिवस अंधाऱ्या खोलीत पडून होती. तेव्हा डॉक्टरांनी सांगितलं होतं की तिसऱ्यांदा झालं तर कुस्ती सोडायचंच बोलावं लागेल. आणि नेमकं आत्ताच, बारावीच्या वर्षी, दोन कॉलेजं तिच्या मागे लागली होती.

सगळा सप्टेंबर घरात दुसरा विषय नव्हता. एक कॉलेज आयोवातलं, दुसरं पेनसिल्व्हेनियातलं. दोन्हीकडे मुलींचे कुस्तीचे संघ नवे, दोघांनाही अनिकाच्या वजनगटात मुलगी हवी होती. आयोवावाले पूर्ण स्कॉलरशिप देत होते. तिथं गेल्यावर कोचनं त्यांना झगझगीत हॉल दाखवला, आणि मोठ्या पडद्यावर अनिकाचं नाव आणि फोटो झळकला. संजयनं तो पडदा फोनमध्ये टिपून पुण्याच्या सगळ्या नातेवाइकांना पाठवला. पेनसिल्व्हेनियातला हॉल जुना होता, छत गळत होतं, स्कॉलरशिप अर्धी. पण तिथली कोच, कॅरन नावाची पिकल्या केसांची ठेंगणी बाई, शुभाशेजारी येऊन बसली आणि तिनं विचारलं, "ही हरली की हिला काय लागतं?"

आजवर असं कुणी विचारलं नव्हतं. शुभा म्हणाली, "थोडा वेळ एकटीला बसू द्यायचं. मग दही-भात."

"दही-भात कसा करतात ते मला सांगून ठेवा," कॅरन म्हणाली.

परतीच्या विमानात शुभानं हिंमत करून विषय काढला होता. "मला ही जागा आवडली."

"आयोवा जिंकतं, आई," अनिका म्हणाली. "आय वॉन्ट टू विन."

ते ठरलं होतं. नोव्हेंबरात आयोवाच्या कागदांवर सही करायची होती. त्याआधी एका मोठ्या स्पर्धेत आयोवाचा कोच तिला आणखी एकदा बघणार होता.

शुभानं घरी येऊन संजयला सगळं सांगितलं. तो म्हणाला, "शुभा, नीट ऐक. एकदा सही झाली की इंजुरीमुळे स्कॉलरशिप काढून घेत नाहीत. मी वाचलंय. मग सांगू ना आपण. खोटं नाही बोलायचं, फक्त जरा उशिरा बोलायचं."

"आणि तोपर्यंत प्रॅक्टिस? ती स्पर्धा?"

"लाइट करेल. कोचला सांगेल बरं नाहीये."

"लाइट कुस्ती कशी करतात, संजय?"

त्यानं चष्मा काढला आणि तळव्यांनी डोळे दाबून धरले. "पैशांचं नाही गं. फी मी कशीही भरीन. पण तिनं लहानपणापासून दुसरं काही केलंच नाही. ते आपण आपल्या हातांनी काढून घ्यायचं?"

शुभाला फक्त समोरच्या बाकाकडे हसत चाललेली अनिका दिसत होती.

रविवारी दुपारी ती अनिकाच्या खोलीत गेली. पडदे लावलेले होते. "तू सांगतेस कोचला, की मी सांगू?"

अनिका उठून बसली. ओरडेल, आदळआपट करेल असं शुभाला वाटलं होतं. तसं काही झालं नाही. ती सरकत आली आणि लहानपणी ठेवायची तसं तिनं आईच्या मांडीवर डोकं ठेवलं. "आई, फक्त सही होईपर्यंत. मी परत कधीच काही मागणार नाही. प्रॉमिस."

शुभानं तिच्या केसांवर हात ठेवला. कालच्या वेण्यांच्या खुणा अजून तशाच होत्या. कितीतरी वेळ ती काही बोलली नाही, आणि अनिकाला तो होकार वाटला असावा, कारण ती तशीच झोपून गेली.

सोमवारी शुभा एकटीच शाळेच्या जिममध्ये गेली; क्लबचा सराव तिथंच चाले. कोच रमीरेझ मॅट गुंडाळत होता. तिनं सांगायला सुरुवात केली तसा तो गुडघ्यांवर बसला, आणि तिचं सांगून होईपर्यंत उठला नाही. "तुम्ही योग्य केलंत," तो शेवटी म्हणाला. त्यानं असं म्हणायला नको होतं, असं शुभाला वाटलं. तो रागावला असता तर सोपं गेलं असतं.

पुढचं सगळं भराभर झालं. तपासण्या झाल्या. डॉक्टरबाईंनी खुर्ची अनिकाच्या अगदी जवळ ओढली आणि हळू आवाजात सांगितलं की आता कुस्ती नाही.

"हाऊ लाँग?" अनिकानं विचारलं.

"मी मुदत देत नाहीये, बाळा," डॉक्टर म्हणाल्या, इंग्रजीत.

आयोवाच्या कोचचा फोन आला. सभ्य माणूस. त्याला फार वाईट वाटलं, आणि फोन लवकर संपला. कॅरनचा फोन मात्र लांबला. कॉलेजला ये, संघाबरोबर राहा, मला शिकवायला मदत कर, असं ती म्हणत होती. अनिका स्वयंपाकघरात उभी राहून ऐकत होती. "थँक यू, कोच," म्हणून तिनं फोन ठेवला आणि शुभाकडे वळली.

"तुला हेच कॉलेज हवं होतं ना? आता मला कुठलंच नाही."

त्यानंतर घरात बोलणं राहिलं ते कामापुरतं. दूध संपलंय. पपा कधी येणार. अनिका शाळेतून येऊन खोलीत जाई. डोकं दुखायचं हळूहळू कमी झालं, मार्क पुन्हा वर आले. शुभा पानात वाढायची आणि पोरगी "थँक यू" म्हणायची, हॉटेलात म्हणतात तसं.

फेब्रुवारीत जवळच्याच टकोमा शहरात राज्य स्पर्धा होती. आदल्या दिवशी मकेलाचा फोन आला. ती रडत होती. माझ्याच गुडघ्यामुळे झालं, मी अनिकाला कुठल्या तोंडानं भेटू, असं काहीबाही बोलत होती. मग म्हणाली, "मामा शुभा, माझे केस कुणालाच नीट बांधता येत नाहीत. याल का?"

शुभानं घरी सांगितलं की फार्मसीत जादा काम आहे.

टकोमाच्या त्या प्रचंड घुमटाखाली मुलींनी तिला मिठ्या मारल्या. ती पायरीवर बसली आणि एकीनंतर एक वेण्या घालत गेली. कुणी विचारलं नाही, कुणी सांत्वन केलं नाही, आणि तेच तिला बरं वाटलं. मकेला उपांत्य फेरी जिंकली तेव्हा शुभा सगळ्यांबरोबर उभी राहून ओरडली. कुणीतरी फोटो काढले.

संध्याकाळी ती घरी आली तर अनिका जेवणाच्या टेबलाशी बसली होती. तिनं फोन आईसमोर सरकवला. फोटोत मकेला होती, आणि तिच्या मागे दोन्ही हात उंचावलेली, तोंडभर हसणारी शुभा.

"मी सांगणार होते तुला," शुभा म्हणाली. "ती रडत होती गं. तिला कुणी नव्हतं."

"इट्स फाइन." अनिकाचा आवाज शांत होता. "माझा सीझन तू बंद केलास. तुझा चालू आहे. इट्स फाइन, आई."

संजय मध्ये पडायला गेला. शुभानं त्याला हातानंच थांबवलं. पोरगी चुकीचं बोलत नव्हती. त्या दिवशी कितीतरी महिन्यांनी शुभा खूश होती, आणि फोटोत ते लपलं नव्हतं. तिनं मुलीचा जीव वाचवला असेल, नसेल. ते कधीच कुणाला कळणार नव्हतं. काय गेलं, ते मात्र रोज समोर येऊन जेवत होतं.

त्यानंतर ती कुठल्याही स्पर्धेला गेली नाही. क्लबच्या ग्रुपवर मुलींचे निरोप येत राहिले, मग कमी झाले. फार्मसीत तिनं पूर्ण वेळ मागून घेतला.

ऑगस्टच्या शेवटी त्यांनी अनिकाला डोंगरापलीकडच्या सरकारी विद्यापीठात पोचवलं. तिथं कुस्तीचा संघ नव्हता. तिनं तेच बघून निवडलं असावं, पण कुणी विचारलं नाही. संजय गाडीतून शेवटची खोकी आणायला खाली गेला. वसतिगृहाची खोली लहान होती, दोन पलंग, दोन टेबलं. तिथं राहणारी दुसरी मुलगी, हॅना, आधीच आली होती आणि भिंतीवर व्हॉलीबॉलच्या संघाचे फोटो चिकटवत होती. मोकळी, बोलघेवडी मुलगी. अनिका जड खोकं एका दमात कपाटावर चढवते आहे, हे तिनं पाहिलं.

"केवढी ताकद आहे तुझ्यात," ती इंग्रजीत म्हणाली. "शाळेत काही खेळायचीस का?"

शुभा पलंगावर चादर घालत होती. तिचे हात चालू राहिले.

"नो," अनिका म्हणाली. "नॉट रिअली."

"खरंच? मला वाटलं, काहीतरी असणार."

"नाही. काहीच नाही."

अनिकानं आईकडे पाहिलं नाही. शुभानंही वर पाहिलं नाही. चादरीचा चौथा कोपरा पुरत नव्हता, गादी जरा मोठी होती. तिनं पलंगावर गुडघा टेकला, एका हातानं गादी उचलून धरली, आणि कापड ताणून ताणून तो कोपरा खाली खोवला. मग तळव्यानं सगळी चादर सारखी केली. एकही सुरकुती राहिली नव्हती, तरी ती हात फिरवत राहिली.